बेलच्या बटणावरचा ठिपका

बेलच्या बटणावरचा ठिपका तेवढा नव्हता. बाकीचे सगळे जिथल्या तिथे होते.

तुम्ही म्हणाल, एका ठिपक्याचं काय एवढं? मीही स्वतःला तेच सांगितलं. मी आहेच तशी. मांजराने भांडं पाडलं तरी माझा हात छातीवर जातो. पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "जंतू दिसणत नाय म्हणान आमचा क्लॉडिया तेंचा शिक्षण शिकला. दिसले असते तर पयल्याच दिवशी कॉलेजातसून पळान घराक इला असता."

पण ठिपका कसा जातो ते मला माहीत होतं. ते माझं काम आहे.

खाडीच्या वरच्या अंगाला, माडांच्या माथ्यावरून समुद्राची एक रेघ दिसते अशा टेकडीवर आमचं छोटं मिशनचं हॉस्पिटल आहे. साथ येऊन गेल्यानंतर ट्रस्टने मला तिथे घेतलं. खोल्या खरोखर स्वच्छ होतात का, ते बघायला. त्यासाठी माझ्याकडे एक जेल असतं. पाण्यासारखं, वाळलं की दिसेनासं होणारं. पेशंटचा हात जिथे जिथे जातो तिथे मी त्याचा तिळाएवढा ठिपका लावून ठेवते. खाटेच्या कठड्याला, लॉकरच्या मुठीला, नळाला, दिव्याच्या बटणाला, बेलला. पुसणाऱ्याला ते दिसत नाहीत. खोली पुसून झाली की मी खिडकी बंद करते आणि जांभळी बॅटरी लावते. जिथे फडकं फिरलं तिथे काळोख. जिथे राहिलं तिथे निळा ठिपका डोळा उघडून बघत बसलेला. वाळलेला ठिपका नुसत्या बोटाने जात नाही. ओल्या फडक्याने घासावा लागतो. नाहीतर मग कुणाला तरी तीच जागा पुन्हा पुन्हा दाबत राहावी लागते.

आणि त्या दिवशी शेवटच्या खोलीत अजून कुणी फडकं घेऊन गेलंच नव्हतं. सकाळी मीच ठिपके लावले होते, मीच कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

ती खोली दिवाळीपासून बंद होती. साथीच्या वेळी तिथे एकेकट्या पेशंटला ठेवत. उघडायचं कारण पप्पाच होते. न्यूमोनियातून जेमतेम वर आलेले, अंगात वारा भरला तर उडून जातील असे. खालच्या मोठ्या वॉर्डात त्यांच्या समोरच्या खाटेवरचा माणूस दोन दिवस खोकत होता. तो खोकला साधा नाही हे मला कळत होतं. तिथून त्यांना हलवायला दुसरी जागा नव्हती. हलवायचं ते या खोलीत, आणि खोली पास करायची ती मी.

"क्लॉडिया, संध्याकाळपर्यंत मला सांग," डॉक्टर विनीत म्हणाले होते. "तू हो म्हणालीस की शिफ्ट."

शिमग्याचे दिवस. अर्धा स्टाफ गावी गेलेला. लांब कुठेतरी ढोल वाजत होता, पण उन्हात तो आवाज पोचेपर्यंत झोपाळल्यासारखा होई. मी बॅटरी बंद करून दारात उभी राहिले, तेव्हा वास आला. बंद खोलीचा असतो तसा कुबट नव्हे. गोड, जड. वासाला रंग असतो का? याला होता. पिवळा.

सुरंगी.

आमच्या टेकडीवर सुरंगीचं झाड नाही.

*

सुगंधामावशी बादली घेऊन आली. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून ती इथे आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या खोलीत मला आजवर ठिपका सापडलेला नाही, आणि त्यावरून ती माझी चेष्टाही करते. "तुझे ते ठिपके म्हणजे आंधळ्याची रांगोळी गो," म्हणते.

त्या दिवशी ती सरळ कामाला लागली. वरून खाली पुसत आली. लॉकर, कठडा, गादीचं रेक्झिन. औषधाचं पाणी सगळीकडे ओलं ठेवलं. पुसायची घाई केली की विषाणू मरत नाही, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. भिंतीजवळ आली तेव्हा मात्र तिने मान वळवली आणि बेलची वायर फडक्यात धरून बटणाकडे न बघताच हात फिरवला.

सुकल्यावर मी खिडकी लावली. बॅटरी फिरवली. कठडा काळा, मूठ काळी, नळ काळा. बटण निळं.

ठिपका नव्हता तो. बोटाचा शेंडा होता. बारीक बारीक रेघांसकट.

"मावशी... बटण राहिलं."

"पुसलंय गो."

"हे बघ ना तू."

"माका काय बघूचा नाय. ती तुझी जांभळी बॅटरी आधी बंद कर."

मग मीच नवं फडकं घेतलं. बटण पुसलं, पाणी ओलं ठेवलं, वाट बघितली, पुन्हा बॅटरी लावली. काळोख. हुश्श केलं. बाथरूममधला नळ एकदा तपासून घ्यावा म्हणून आत गेले. किती वेळ? नळ उघडून बंद करायला लागतो तेवढा. परत आले तर बटण निळं होतं. आणि खाटेच्या कठड्यावर, बटणाच्या बाजूला, चार बोटं. कुणीतरी उशाला टेकून, कठडा धरून, दुसऱ्या हाताने बेल दाबावी तशी.

मी बॅटरी माझ्या हातमोज्यांवर धरली. उलटे केले, सुलटे केले.

माझे हात काळे होते.

*

मावशी बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. समोर उन्हात काजूची पानं अजिबात हलत नव्हती.

"त्या बेलची वायर पुढे तुटलेली आसा," ती म्हणाली. "कोणी दाबली तरी थंय वाजाची नाय. तेव्हाही वाजा नसा."

"तेव्हा म्हणजे?"

ती पदराने कपाळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तोंडवलीची जानकी. मालवणच्या बाजारात वळेसर, गजरे घेवन बसायची, सुरंगीच्या फुलांचे. बोटा कायम पिवळी. साथीत हय आणलेली. घरच्या कोणाक येवक देय नसत. आमी पण त्या प्लास्टिकच्या झग्यात. कोण माणूस नि कोण काय, तिका कळाचा नाय. माका तेवढा वळकायची. आवाजान."

"मग?"

"तिन्हीसांज झाली होती. लाईट गेलेली. मी त्या सायबिणीच्या कोनाड्याकडे मेणबत्ती लावी होतंय." कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला मेरीमातेची मूर्ती आहे. मावशी हिंदू, पण तिथली मेणबत्ती रोज तीच लावते. "नि हाक इली. सुगंधा गो..."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, आणि उठायलाही होत नव्हतं.

"तुका ठावक आसा मा?"

ठाऊक होतं. आमच्याकडे कुणाला ठाऊक नसतं? सांजावताना हाक आली तर ओ द्यायची नाही. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या हाकेला नाही. जिता माणूस असेल तर तिसरी हाक मारील, तेव्हा ओ द्यायची. लहानपणी मी अंगणात खेळत असताना मम्मीने हाक मारली तरी मी गप्प उभी राहायची, आणि तिसऱ्या हाकेला धावत गेले की पाठीत धपाटा मिळायचा. मम्मी रोज चर्चला जाणारी. पण तिसऱ्या हाकेआधी ओ दिली म्हणून मला कधी शाबासकी दिली नाही तिने.

"दुसरी हाक इली," मावशी म्हणाली. "बारीक. मी मेणबत्ती धरून उभी. म्हटलंय, आता मारतली. आता मारतली..."

ढोल थांबला होता.

"तिसरी इलीच नाय गो."

*

डॉक्टरांना मी यातलं काय सांगणार? त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून मी शुद्ध मराठीत म्हणाले, "सर, बटण सोडून खोली स्वच्छ आहे."

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात तिथले स्वॅब लॅबला दिले होते. तिथल्या अ‍ॅलनचा फोन आला. सगळं निगेटिव्ह, फक्त बेलच्या बटणावर अंश सापडलाय. साथीतल्याच विषाणूचा."

"इतक्या वर्षांनी?" त्यांनी भुवया उंचावल्या. "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. आणि अंश म्हणजे जिवंत विषाणू नव्हे, हे मी तुला सांगायला नको."

नकोच होतं. त्या तपासणीला एवढंच कळतं की इथे कुणीतरी होतं. ते जिवंत आहे का, हे तिला सांगता येत नाही. परीक्षेत हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला.

"बटण पिशवीत गुंडाळून चिकटपट्टी लाव," डॉक्टर म्हणाले. "तसंही ते चालत नाही. क्लॉडिया, समोरच्या खाटेचा रिपोर्ट आलाय. पॉझिटिव्ह. बाबांना अजून एक रात्र तिथेच ठेवायचं का? तू सांग."

मी नको म्हणाले. शिफ्ट करा म्हणाले. मीच.

*

दुपार कलताना पप्पांना वर आणलं. खाटेवर टेकवलं, ऑक्सिजनची मशीन लावली. ती घुर्र घुर्र करत राहिली, आणि त्या आवाजात सगळी खोली हळूहळू झोपेत गेल्यासारखी झाली. पडदा फुगायचा आणि बसायचा. समुद्राची रेघ चमकायची आणि विझायची.

"बरी आसा खोली," पप्पा नाकातल्या नळीआडून म्हणाले. "खाली तो मेलो खोकान खोकान माझी झोप खाय होतो. हय निदान वास तरी बरो येता. कोणी सुरंगी हाडली?"

"कुणी नाय पप्पा. तुम्ही निजा."

पिशवीत बांधलेलं बटण कठड्याला लोंबत होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसले. मोबाईल सिस्टरच्या टेबलावर ठेवला होता. त्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही हा नियम मीच केलेला. फोन म्हणजे हाताहून घाणेरडा.

जरा वेळाने आत डोकावले तर ते जागे होते.

"गो बाय, ही नर्स नवीन आसा?"

"कुठली?"

"ही मगे इल्ली ती. बोलणा नाय काय. चादर नीट केल्यान, नि बसान ता बटान दाबता. दाबता नि दाराकडे बघता. दाबता नि दाराकडे बघता." ते हसले. "मी म्हटलंय तिका, बाये, थंय कोण नाय. सगळी शिमग्याक गेली."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

तेव्हाच त्यांना खाली न्यायला हवं होतं. पण खाली तो खोकला होता. मी दारात उभी राहून दोन्हीकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात ऊन गेलं.

*

आमच्याकडे सांज अशी येत नाही, ती भरते. खाडीत भरतीचं पाणी चढतं तशी. आधी कॉरिडॉरचे कोपरे बुडाले, मग खुर्च्यांचे पाय. मग दिवे गेले.

घुर्र घुर्र थांबली.

मी जनरेटरची वाट बघितली. नेहमी खोकल्यासारखा आवाज करून तो चालू होतो. त्या दिवशी नाही झाला. तो चालू करणारा सत्यवान मघाशीच शिमग्याच्या मिरवणुकीच्या, रोंबाटाच्या मागून गेला होता; आता ढोल पुन्हा वाजत होता, लांब, आणि त्यात हसणं होतं.

"क्लॉडिया..." आतून.

मी आत धावले. खिशात हाताला लागली ती जांभळी बॅटरीच. त्या उजेडात पप्पांचं तोंड उघडं होतं, छाती भात्यासारखी ओढत होती. श्वासासाठी उठायला गेले असणार. त्या बाजूचा कठडा मी दुपारी तपासताना खाली केला होता आणि वर घ्यायला विसरले होते. ते अर्धे खाटेबाहेर आले होते. मी खांदा लावला, दोन्ही हातांनी त्यांना धरलं. एवढा हलका झालेला माणूस, पण सगळा भार माझ्यावर आला. सोडलं असतं तर डोक्यावर पडले असते. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर बाहेर भिंतीला टेकून होता, इथून दिसत होता. दहा पावलांवर. मला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.

बॅटरी चादरीवर पडून जळत होती. तिच्या जांभळ्या उजेडात मी बघितलं.

चादरीच्या काठावर बोटं होती. खोचून दिली होती ती, नीट, गादीखाली. उशीवर तळवा. पप्पांच्या बाहीवर, मनगटापाशी, कुणीतरी धीर द्यायला धरावं तशी चार निळी बोटं. आणि चिकटपट्टी लावलेल्या पिशवीत ते बटण आत जात होतं, बाहेर येत होतं. आत जात होतं, बाहेर येत होतं. प्लास्टिकचा चुरचुर आवाज होत होता. एवढाच.

दाराच्या काचेतून कॉरिडॉरचं दुसरं टोक दिसत होतं. तिथे कोनाड्यात मेणबत्ती पेटली. मेणबत्तीसमोर मावशी, पाठमोरी.

"मावशी!"

तोंडावर मास्क होता. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. शेवटच्या खोलीतून, काळोखात, तिन्हीसांजेला.

मावशीची पाठ ताठ झाली. तिने वळून बघितलं नाही. ओ दिली नाही.

मला कळलं ती काय करतेय. आणि तिला दोष तरी कसा देऊ? तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

"पप्पा, श्वास घ्या... घ्या हळूहळू..." त्यांचे ओठ माझ्या मानेला लागले होते. थंड. त्यांच्या घशात आता शिट्टी वाजत होती, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं.

"मावशी गो!"

ज्योत हलली. तिच्या हातातली काडी विझली. तिने दुसरा हात भिंतीला टेकला. बाजूने तिचे ओठ हलताना दिसत होते. ती हाका मोजत होती.

आता फक्त एक. अजून एकदा ओरडायचं की ती धावत येईल. मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

तुम्हाला स्वप्नात असं होतं का, की ओरडायचं असतं आणि घसा कापसाने भरलेला असतो? तसं. मी ओठ हलवले, छाती हलवली, पोटातून जोर लावला. नुसती हवा बाहेर आली, तीही मास्कमध्ये अडकली. पप्पांची शिट्टी थांबली. मी वाट बघितली. पुन्हा वाजली नाही. आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की प्लास्टिकची चुरचुरही थांबली आहे.

सुरंगीचा वास माझ्या गालापर्यंत आला. कुणीतरी माझ्या अगदी शेजारी, पप्पांच्या दुसऱ्या खांद्याशी, वाकलं होतं. त्यांचा भार एकदम निम्मा झाला. मी मान वळवली नाही. वळवू शकले नाही.

शेजारून कुणीतरी श्वास घेतला. खोल, लांब, बराच वेळ धरून ठेवलेला सोडण्याआधी घेतात तसा. आणि हाक मारली. मावशीला मी जन्मात कधी नावाने हाक मारलेली नाही.

"सुगंधा गो...!"

मेणबत्ती खाली पडली. मावशी वळली. तिचा चेहरा काळोखात दिसत नव्हता, पण पावलं वाजायला लागली. अनवाणी, धावत येणारी. सिलिंडर फरशीवरून खडखडत ओढल्याचा आवाज, आणि त्याच्यावरून तिचा रडवेला, फुटलेला आवाज, एवढ्या वर्षांची ओ:

"ओ! ओ गो जानक्ये... इलंय! ह्या बघ, इलंय मी!"